परवाची वस्तू

१

दिपिकाला कंपनीने चोर ठरवलं, त्या संध्याकाळी तिचा बाप हिरामण माझ्या पेणच्या घराच्या दारात येऊन उभा राहिला. आत ये म्हटलं तर येईना.

हिरामण खाडीकाठच्या गावचा. मिठागरावर राबणारा. त्याच्या गावच्या शाळेत माझी बायको श्यामला शिकवायची आणि दिपिका तिच्या हाताखाली शिकलेली. श्यामला गेल्या वर्षी गेली. तेव्हापासून या घरात काम घेऊन कोणी येत नाही. येतात ते तिच्या फोटोकडे बघतात, चहा नको म्हणतात आणि जातात.

"बाई असत्या तर त्यांनाच सांगितला असता," हिरामण म्हणाला. "आता तुम्हीच हाव."

दिपिका त्याच्या मागे पायरीवर उभी होती. रडत नव्हती. रडून झालेलं दिसत होतं.

हकीकत अशी. पोरीने पनवेलच्या एका खासगी कॉलेजातून रसायनशास्त्रात एम.एस्सी. केलं. त्यासाठी बँकेचं कर्ज काढलं आणि हिरामणने हमीला घर लावलं. डिग्री हातात आली आणि नोकरीसाठी पायपीट सुरू झाली. जिथे जाईल तिथे एकच प्रश्न, अनुभव किती? पहिली नोकरी शोधणाऱ्या पोरीला अनुभव विचारतात आणि विचारणाऱ्याला लाज वाटत नाही. शेवटी रोह्याच्या एका केमिकल कंपनीने प्रयोगशाळेत ट्रेनी म्हणून घेतलं. ट्रेनी म्हणजे काम पूर्ण, पगार अर्धा आणि कायम कधी करणार ते विचारायचं नाही.

त्या प्रयोगशाळेतून बुधवारी प्लॅटिनमची एक वाटी नाहीशी झाली. माल जाळून त्याची राख तपासायला ही वाटी लागते. एवढीशी असते, पण किंमत लाखांत.

प्लॅटिनम हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला तो श्यामलाच्या आजारात. तिला सलाईनमधून जे औषध देत होते त्यात प्लॅटिनम असतं, असं नर्स म्हणाली होती. हिरामणच्या तोंडून तो शब्द आला आणि माझं डोकं तापलं. का ते सांगता येणार नाही.

"सोमवारपर्यंत मुदत दिलीय," हिरामण म्हणाला. "चूक झाली असं लिहून राजीनामा दे, नायतर पोलिसात देतो म्हणतात. पोलिसात नाव गेला तर हिला कोण ठेवल कामावर? आन् काम नसल तर बँक काय मला सोडल?"

"दिपिका, तू घेतलीस का?" मी सरळ विचारलं.

"नाय."

"मग तुझ्यावरच का आलं?"

तिने बापाकडे बघितलं. हिरामणने खिशातून फोन काढला. "ह्या ऐका. कंपनीनं पाठवलाय."

आवाज दिपिकाचाच होता. दबका. "मिथुनदादा, परवाच्या वस्तूचं किती येईल ते सोनाराला विचारून ठेव. कोणाला बोलू नको. बाबांना तर नायच नाय."

हा निरोप तिने त्याच दिवशी, शुक्रवारी सकाळी, चुलतभावाला पाठवायला म्हणून रेकॉर्ड केला आणि घाईत प्रयोगशाळेच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकला. लगेच पुसला. पण तोवर कोणीतरी तो ठेवून घेतला होता.

"परवाची वस्तू कोणती?" मी विचारलं.

"मी चोरी नाय केली, काका. बाकी मला काय विचारू नका."

हिरामणने मान खाली घातली. पोरीवर त्याचा विश्वास होता. पण शुक्रवारचा परवा म्हणजे बुधवार, हे त्यालाही कळत होतं.

२

मी पोलीस नाही की वकील नाही. एसटीत तिकीट तपासत जन्म गेला. खोटं बोलणारी माणसं फार जवळून बघितली आहेत एवढंच.

शनिवारी सकाळच्या गाडीने नागोठण्यावरून रोह्याला गेलो. गेटवर सांगितलं, दिपिकाच्या घरचा माणूस आहे, राजीनाम्याचं बोलायला आलोय. राजीनामा म्हटल्यावर दार उघडलं. चौकशी करायला आलोय म्हटलं असतं तर रस्त्यावरच उभा ठेवला असता.

प्रयोगशाळेचा प्रमुख हर्षद. चाळिशीचा, इस्त्रीच्या शर्टातला, बोलायला गोड. त्याने मला खुर्ची दिली, पाणी दिलं.

"काका, मला फार वाईट वाटतं हो. हुशार मुलगी. पण घरची परिस्थिती... समजू शकतो मी. डोक्यावर कर्ज असलं की माणूस कुठेही हात घालतो."

"कर्ज असलेले सगळेच चोर असतात का?"

"तसं नाही म्हणत मी." तो हसला. "पण तिचाच आवाज आहे ना? मी काय करू?"

"कपाटाची चावी कोणाकडे असते?"

"माझ्याकडे. पण दिवसभर कपाट उघडंच असतं. ट्रेनी दोघंच, ही आणि साईराज. काम त्यांनाच करायचं असतं."

"वाटी एवढी महाग कशाला लागते? स्टीलची चालत नाही?"

विचारलं त्याहून जास्त बोलणारा माणूस मला नेहमी आवडतो. हर्षद खुलला. "काका, तीच तर गंमत आहे प्लॅटिनमची! भट्टीत घाला, लालबुंद होऊ द्या, बाहेर काढा. पुन्हा जशीच्या तशी, पांढरी. डाग नाही, काही नाही. दुसरा कुठला धातू ठेवा, पहिल्याच दिवशी काळाठिक्कर पडेल. पैसे त्याचेच आहेत."

"असं होय."

"तुम्ही तिला समजवा. सोमवारी सही करू दे, विषय संपला. मी साहेबांना सांगून पोलीस थांबवलेत. त्यात परवाची मोजणी."

"झाली मोजणी?"

"झाली नाही हो, व्हायचीय! परवा, सोमवारी. हेड ऑफिसची माणसं येणार, एकेक महाग वस्तू हातात घेऊन बघणार. त्याच्या आत हे मिटलेलं बरं."

मी पाणी पिऊन उठलो. दारापर्यंत गेलो आणि थांबलो. मला गुरुवार वाटला होता, हर्षदच्या मनात सोमवार होता. शब्द एकच, परवा. तो मागेही जातो आणि पुढेही.

कंपनीतल्या एवढ्या शिकलेल्या माणसांपैकी एकानेही त्या पोरीला विचारलं नव्हतं की बाई, तुझा परवा कुठला?

३

बाहेर टपरीवर साईराज चहा पीत होता. दुसरा ट्रेनी तो हाच, असं गेटवाल्याने दाखवलं. किडकिडीत पोरगा, नखं खाल्लेली.

"दिपिकाचा आवाज तू ठेवून घेतलास," मी म्हटलं. विचारलं नाही, सांगितलं.

त्याने कप खाली ठेवला. "कोण तुम्ही?"

"तिचा काका समज."

"मी फक्त हर्षद सरांना पाठवला. तिने पुसला म्हणून संशय आला."

"संशय आला की संधी आली?"

त्याचे कान लाल झाले. "जागा एकच आहे, काका. दोघांतला एकच कायम होणार, असं सर पहिल्या दिवसापासून सांगतायत. ती माझ्या आधी येते, मी तिच्या आधी यायला लागलो. ती रविवारी आली, मीही आलो. फुकट! माझ्यावर कर्ज नाही असं वाटतं का तुम्हाला? महाडला आई आहे. तिला वाटतं मी ऑफिसर आहे."

मला त्याच्या थोबाडीत द्यावीशी वाटत होती. मग त्याच्या त्या नखांकडे बघितलं आणि हात खिशातच राहिला. दोन भुकेल्या पोरांना एक भाकरी दाखवायची आणि त्यांना एकमेकांच्या अंगावर सोडायचं, ही युक्ती ज्याने काढली तो आत वातानुकूलित खोलीत बसला होता.

तेवढ्यात शकू आली. प्रयोगशाळेतली भांडी धुणारी, झाडलोट करणारी. साईराज उठून गेला तशी ती माझ्याजवळ सरकली.

"दिपिकाच्या घरचं का तुम्ही? बरी हाय का पोरगी?"

"जेवत नाही."

"मी सांगते तुम्हाला, ती पोर चोर नाय. पाच रुपयाची चिंच घेतली माझ्या डब्यातली तरी दुसऱ्या दिवशी आणून द्यायची."

"चिंच कशाला लागायची तिला?"

"ती वाटी घासायला. कसली मेली त्यांची लाखाची वाटी! माझ्या घरची आमटीची बरी. रोज दुपारी भट्टीतून काढली की काळी, आन् दिपिका बसलीय घासत. बोटं सोलली पोरीची."

"कोणती वाटी म्हणालीस?"

"ती काळी वाटी हो. हरवली ती!"

मी चहाचे पैसे दिले आणि सुटे घ्यायला विसरलो.

४

पेणच्या स्टँडवर मिथुन आपल्या मिनिडोर रिक्षात गिऱ्हाइकाची वाट बघत बसला होता. दिपिकाचा चुलतभाऊ. मला बघून म्हणाला, "बसा काका, एकच सीट बाकी हाय." मागे गाडी रिकामी होती.

"मिथुन, शुक्रवारी दिपिकाचा निरोप तुला आला?"

"आधी आला नाय. मंग परत पाठवला तिनं."

"परवाची वस्तू. कुठला परवा?"

त्याने इकडेतिकडे बघितलं. "रविवार. म्हंजे उद्याचा. बोलू नका हिरामणकाकाला. उद्या काका नागोठण्याला जायचा हाय सोयरिकीच्या कामाला. घरात कोणी नसणार. तवा काकी तिचं गंठण काढून देणार हाय. बँकेचा हप्ता थकलाय ना. सोनाराकडं ठेवाचा हाय."

पुतळीचं, म्हणजे दिपिकाच्या आईचं गंठण. पोरीने एवढ्यासाठी तोंड शिवून घेतलं होतं. सांगितलं असतं तर बापासमोर सांगावं लागलं असतं की तुझी बायको गळा मोकळा करतेय. चोर म्हणवून घेतलं, पण ते बोलली नाही. आणि हर्षद म्हणतो, कर्ज असलं की माणूस कुठेही हात घालतो.

मिथुनच्याच गाडीतून गावात गेलो. दिपिका मागच्या दारी बसली होती. हिरामण मिठागरावर होता.

"मला गंठणाचं कळलंय," मी म्हटलं. "तुझ्या बापाला मी सांगणार नाही, तू सांगायचंस. आता मला वाटीचं सांग. काळी पडायची?"

"रोज. दोन महिने झाले असतील. आधी नव्हती पडत."

"कोणाला सांगितलंस?"

"हर्षद सरांना. ते म्हणाले, आपला माल तसा असतो, डाग धरतो. तारेच्या घासणीनं घास, चिंच लाव."

"अगं, तू एम.एस्सी. ना? प्लॅटिनम काळं पडत नाही हे तुला माहीत नव्हतं?"

मी हे बोललो आणि लगेच जीभ चावली. ती एकदम उभी राहिली.

"पुस्तकात माहीत होता, काका! पेपरात लिहून मार्क पण घेतले. पण हातात कोण देतो? आमच्या कॉलेजात चिनी मातीच्या वाट्या होत्या, त्या पण फुटलेल्या. प्लॅटिनम फळ्यावर होता. फी मात्र खरी होती. पहिल्यांदा वाटी हातात आली ती या कंपनीत. दोन वेळा मला वाटला की हे काय बरोबर नाय. पण सर म्हणाले असतात तर ट्रेनीनं काय म्हणायचा? तुम्ही चुकताय? जागा एकच हाय!"

तिच्या बोटांच्या टोकांना कातडी नव्हती.

"कोन हाय गो?" आतून पुतळीने विचारलं.

"बाईंच्या घरचे काका," दिपिका म्हणाली आणि परत खाली बसली.

५

सोमवारी आम्ही तिघं रोह्याला गेलो. मी, दिपिका आणि हिरामण. गंठणाचं तिने बापाला गाडीत सांगितलं. नागोठणं मागे पडल्यावर तो म्हणाला, "मला इचारला असता तर मी नाय म्हटला असता. म्हणून नाय इचारला. बराबर केला."

कंपनीचे व्यवस्थापक स्वतः केमिकल इंजिनियर होते. टेबलावर राजीनाम्याचा कागद तयार होता आणि त्यावर पेनही ठेवलं होतं. हर्षद बाजूला बसला होता. हेड ऑफिसची माणसं दुपारी यायची होती.

"सही करायच्या आधी साईराजला बोलवा," मी म्हटलं.

"त्याचं काय काम?" हर्षद म्हणाला.

"ज्याने पुरावा दिला त्याला साहेबांसमोर उभा करा. एवढं तरी चालेल ना?"

साईराज आला. दिपिकाकडे त्याने बघितलं नाही.

"साहेब," मी म्हटलं, "आधी परवाच्या वस्तूबद्दल. ती वस्तू म्हणजे हिच्या आईचं गंठण. शुक्रवारचा परवा म्हणजे रविवारही होतो. तुम्ही बुधवार धरलात, कारण तुम्हाला बुधवार हवा होता. ज्या सोनाराला मिथुनने विचारलंय तो पेणला आहे. फोन लावा."

"मानलं," साहेब म्हणाले. "त्याने वाटी परत येत नाही."

"येईल. साईराज, मला एकच सांग. ती वाटी भट्टीतून निघाली की कुठल्या रंगाची असायची?"

साईराजने हर्षदकडे बघितलं. त्या पोराची कायमची नोकरी त्या माणसाच्या एका सहीवर होती.

"बोल ना," हर्षद म्हणाला. "पांढरीच असणार."

साईराजने नख तोंडात घातलं आणि काढलं. "काळी," तो म्हणाला. "दोन महिने काळीच निघते, सर. दिपिका नसली की मीच घासायचो. तारेनं."

साहेब खुर्चीत पुढे सरकले. "तारेनं? प्लॅटिनम?"

"हर्षद सरांनी सांगितलं होतं."

"एखाद वेळी होतं असं," हर्षद घाईने म्हणाला. "मालात काही आलं तर प्लॅटिनमवरही डाग पडतो. तुम्हाला माहीत आहे, साहेब."

मी त्याच उत्तराची वाट बघत होतो. "समजा पडतो. मग लाखांची वाटी रोज खराब होतेय हे बघून प्रमुख काय करील? काम थांबवील, साहेबांना कळवील. तुम्ही दोन महिने गप्प राहिलात आणि पोरांना तारेची घासणी दिलीत. का? कारण घासली तरी नुकसान नव्हतं. ती वाटी प्लॅटिनमची नव्हतीच. खरी वाटी दोन महिन्यांपूर्वी गेली आणि तिच्या जागी साध्या धातूची आली. या पोरांनी आयुष्यात प्लॅटिनम बघितलेलं नाही हे तुम्हाला ठाऊक होतं. त्यांच्यासमोर काहीही ठेवलं तरी चाललं असतं. पण आज मोजणीला येणारी माणसं वाटी हातात घेऊन बघणार. म्हणून ती खोटी वाटी नाहीशी करणं भाग होतं. आणि नाहीशी झाली म्हटल्यावर चोर हवा होता. हिचा निरोप आयता मिळाला."

"हे एसटीतले गृहस्थ आता आम्हाला केमिस्ट्री शिकवणार?" हर्षद म्हणाला.

"केमिस्ट्री तुम्हीच शिकवलीत शनिवारी. दुसरा धातू पहिल्याच दिवशी काळाठिक्कर पडतो म्हणालात. तुमच्याच खुर्चीत बसून ऐकलंय मी."

साहेबांनी हर्षदकडे बघितलं. "दोन महिन्यांत मला एकदाही का सांगितलं नाहीस?"

हर्षदने कपाळ पुसलं. मग हळू आवाजात म्हणाला, "साहेब, विकलेली नाही. ठेवलेली आहे. दोन दिवस द्या, सोडवून आणतो."

हिरामण इतका वेळ दाराशी उभा होता. तो पुढे आला. मला वाटलं मारतो. त्याने मारलं नाही. फक्त एवढंच विचारलं, "माझी पोर पोलिसात गेली असती, तवा पण दोन दिवस मागितले असते का रे?"

६

हर्षदला दुसऱ्या खोलीत नेलं. साहेबांनी राजीनाम्याचा कागद फाडला, सगळ्यांसाठी चहा सांगितला आणि हसले. ते हसणं बघून मला पुन्हा संताप आला.

"झालं ते झालं," ते दिपिकाला म्हणाले. "गैरसमज होता. उद्यापासून ये कामावर."

"कायम म्हणून?" मी विचारलं.

"ते आत्ता कसं... ट्रेनीची मुदत आम्ही वाढवू. सहा महिने."

कंपनीचा माणूस चोर निघाला आणि शिक्षा सहा महिन्यांची या पोरीला! मी तोंड उघडणार होतो, पण दिपिका आधी बोलली.

"सर, कामाचं नंतर बघू. मी चोरी केली नाही असं लिहून द्या."

"त्याची काय गरज? मी सांगतोय ना."

"मला सांगून काय उपयोग? मी दुसरीकडे गेले तर ते इथं फोन करतील. उचलणारा काय सांगेल?"

"कंपनी असं काही लिहून देत नाही."

"चोरी केली असं लिहायला तयार होती," दिपिका म्हणाली. ती खुर्ची ओढून टेबलासमोर बसली. ट्रेनी म्हणून त्या खोलीत ती कधी बसली नसावी. हिरामणने दुसरी खुर्ची घेतली. मी आधीपासून बसलेलाच होतो. साईराज जायला निघाला, दारात घुटमळला आणि तिथेच भिंतीला टेकून उभा राहिला.

चहा आला. कोणी घेतला नाही. हेड ऑफिसची गाडी नागोठण्याला पोचल्याचा फोन आला. साहेबांनी घड्याळ बघितलं, आमच्याकडे बघितलं आणि टायपिस्टला बोलावलं.

कागद आला. सही होती, शिक्का होता. हिरामणने सुटकेचा श्वास सोडला आणि उठायला लागला. दिपिका बसूनच होती. तिने कागद एकदा वाचला, परत वाचला आणि टेबलावरून साहेबांकडे सरकवला.

"'चोरी केल्याचे आढळले नाही' असं लिहिलंय," ती म्हणाली. "आढळले नाही नको. केली नाही, असं लिहा."

"अर्थ एकच आहे गं."

"मग बदलायला काय हरकत हाय?"

साहेबांनी पेन उचललं.